ढोल थांबल्यावर

"भार इलो! चेडवाच्या अंगात देवीचो भार इलो!"

कोणीतरी ओरडलं आणि पार्से गावातल्या एका वाडीवरच्या देवळात एकच गर्दी उसळली. गाभाऱ्यासमोर आठ वर्षांची गौरवी फरशीवर पडून डोकं आपटत होती. किंचाळत होती. स्वतःचंच मनगट दातांनी चावत होती. आणि तिच्या उशाशी सात ढोल नि चार ताशे बडवले जात होते.

कसला भार नि कसली देवी! तिच्या आईला, संजनाला, सगळं ठाऊक होतं. गौरवी ऑटिस्टिक होती. आवाज तिच्या कानांत सुईसारखे घुसत. घरात मिक्सर लावला तरी ती पलंगाखाली जाऊन बसे, आणि इथे तर भर दुपारी जत्रा ऐन रंगात आलेली. एरवी घराबाहेर पडताना संजना तिच्या कानांवर हेडफोन चढवायची. आज तो नवऱ्याने, सुदेशने, देवळाच्या पायरीवरच काढून घेतला होता. "देवीसमोर कान झाकून जातत? एक दिवस आईच्या पायार घाल तेका. बरां होतलां."

म्हापशाच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, की हा आजार नव्हे, मुलीची घडणच अशी आहे. ती बदलायची नाही, तिला समजून घ्यावं लागेल. संजनाने तेच पाच वर्षं घोकलं. पालथ्या घड्यावर पाणी! ती बोलायला लागली की सुदेश अर्ध्या ताटावरून उठून हात धुवायला जायचा.

"थांबवा हो ढोल! तेका सोसत नाय!" संजना ओरडली. बायकांनीच तिला दोन्ही दंडांना धरून मागे ओढलं. देवीच्या आड येऊ नये म्हणे. भार आला की वाद्यं चढवायची, ही तिथली रीत. पोर किंचाळे तसे ढोल वाढत, आणि ढोल वाढले की पोर आणखी किंचाळे. सगळ्यात पुढचा ढोल सुदेशच्याच गळ्यात होता. घामाने निथळत, डोळे मिटून, जीव तोडून बडवत होता तो. लेक बरी व्हावी म्हणूनच बडवत होता बिचारा.

गौरवीच्या मनगटातून रक्त आलं. या गावात सुनेचं कोण ऐकतं? मग ऐकतात तरी कोणाचं?

तिने हिसका देऊन हात सोडवले. अंबाडा सोडला, केस तोंडावर घेतले आणि घुमत बेंबीच्या देठापासून आरोळी ठोकली.

"बंद करा! एकय ढोल वाजता नये!"

ढोल जागच्या जागी थांबले. दंड धरलेल्या बायका पाया पडत मागे सरल्या. देवळाचे मानकरी, गावकार गोकुळदास, सत्तरीचे, कोणापुढे न वाकणारे, तेही हात जोडून वाकले.

काय ती शांतता! गौरवीची किंचाळी उतरत उतरत हुंदक्यांवर आली. अशा वेळी कोणी अंगाचं वजन टाकून तिला घट्ट धरलं, की ती निवायची. संजनाला धावत जाऊन तिला पोटाशी घ्यायचं होतं. पण घुमणं थांबलं की सोंग उघडं पडणार, आणि ढोल पुन्हा सुरू होणार. चार हातांवर लेक कण्हत होती आणि आई नुसती डुलत उभी होती.

"बापाशीन चेडवाक घट्ट धरूचा," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "सगळां वजन घाल. सोडू नको."

सुदेशने ढोल उतरवला आणि तो लेकीवर ओणवा झाला. पाच वर्षं बायको जे गयावया करून सांगत होती, ते त्याने देवीच्या एका शब्दावर केलं. थोडा वेळ गेला. गौरवीचे हात सैल पडले. ती स्वतःशीच एका सुरात गुणगुणायला लागली. संजनाला रडू फुटलं, पण केसांच्या आड ते कोणाला दिसलं नाही.

सुदेशने मान वर केली. भार आलेल्या माणसाला विचारावं आणि मिळेल तो शब्द कौल मानावा. त्यावर गावात कोणी ब्र काढत नाही.

"आई," तो म्हणाला, "माझां चेडू बरां कधी होतलां?"

संजनाने डुलता डुलता नवऱ्याकडे पाहिलं. आता एक गोड शब्द बोलले, तर हा दर जत्रेला पोरीला इथे आणून टाकणार. आणि खरं सांगायची अशी संधी काही पुन्हा यायची नाही.

"कधीच नाय," ती म्हणाली. "तां असांच रवतलां. तुझ्या बायलेन सांगितल्यान तां खरां. परत तेका ढोलांकडे आणू नको."

सुदेश रडला. सगळ्या गावादेखत, हमसून हमसून रडला. मग त्याने बाहीने तोंड पुसलं आणि मान हलवली. त्याला पटलं होतं. देवा रे, एकदाचं पटलं होतं! संजनाला वाटलं, सुटले. आता ही पोर आपल्या एकटीची नाही.

सुदेशने गौरवीला अलगद बाजूला निजवलं. मग सरपटत पुढे येऊन त्याने संजनाच्या पायांवर डोकं ठेवलं.

"मग आई, आजूक एक कौल दी," तो म्हणाला. "ह्या मायलेकींका माहेराक धाडतंय. माका दुसरां लगीन करूची मोकळीक दी."