सरांची संमती

"मोबाईल हाय, पण त्यात जीव न्हाई रं," असं म्हणत दीपमालाकाकूंनी सरांच्या फोटोपुढचा फोन उचलून श्रेयसच्या हातात दिला. फोनला थोडं कुंकू लागलं होतं. मागचं झाकण काढलं, तर आत बॅटरीच नव्हती. फुगली म्हणून काकूंच्या मुलानं, शंभूराजनं, गेल्या महिन्यातच काढून टाकली होती. सीमकार्डही.

श्रेयस मगदूम सांगलीहून साताऱ्याला आला होता, तो एका बटणासाठी. बिनबॅटरीच्या यंत्राकडून बिनतारी संदेश कसा मिळवायचा, यावरचा त्याचा पेपर जर्नलनं स्वीकारला होता. अट एकच. प्रत्येक लेखकानं आपल्या ईमेलवरून संमतीचं बटण दाबायचं, आज पाचच्या आत. लेखक दोन. पहिला श्रेयस. दुसरे त्याचे पीएच.डी.चे गाइड, डॉ. आप्पासो घोरपडे. सरांना जाऊन सात महिने झाले होते. पण सरांच्या नावाशिवाय पेपर पाठवायची श्रेयसला सवयच नव्हती, आणि फॉर्ममध्ये 'कै.' लिहायला रकाना नव्हता.

सोमवारी सहयोगी प्राध्यापकपदाची मुलाखत होती. पहिलं नाव स्वतःचं असलेला एक तरी पेपर हवा, असा नियम. अकरा वर्षांच्या संशोधनात श्रेयसचा असा हा एकच. बाकी सगळ्यांवर पहिलं नाव सरांचं.

"लॅपटॉप तरी असेल की, काकू?"

"त्यो कॉलेजनं नेला. आन् पासवर्ड ह्यांनी मलासुदिक कवा सांगितला न्हाई."

चार वाजून बारा मिनिटांनी श्रेयसच्या खिशातला फोन वाजला. जर्नलचा मेल होता. 'डॉ. घोरपडे यांची संमती आत्ताच मिळाली. आभार.'

त्यानं हातातल्या पोकळ फोनकडं पाहिलं. काच कोमट लागत होती.

मेल वाचून दाखवल्यावर काकू भिंतीला टेकल्या. मग मान हलवत म्हणाल्या, "कुनीतरी चेष्टा करतंय बघ. आमचं ह्ये कुनाचं काम इतक्या लवकर करत न्हवते."

श्रेयसला ते पटलं. सरांचा ईमेल कुणीतरी चोरला असणार. त्याला जरा धीर आला.

पाचला पाच कमी असताना दुसरा मेल आला. तो त्यानं मोठ्यानं वाचला. 'डॉ. घोरपडे यांच्या विनंतीनुसार लेखकांचा क्रम बदलला आहे. त्यांचं नाव आता पहिलं.'

काकूंनी डोक्यावर पदर घेतला. श्रेयसच्या हातातला फोन अलगद काढून फोटोपुढं ठेवला.

"ह्येच हायत," त्या म्हणाल्या.