अनुमोदक

शाळेच्या नव्या खोल्यांसाठी आणलेली नमुन्याची वीट सभेच्या टेबलावर होती. तिच्यावर लहान बोटांचे ठसे उमटले होते. लहान मुलांना राबवणाऱ्या भट्टीच्या विटा नगरपरिषदेने घेऊ नयेत, असा ठराव नगरसेवक पाटोळे सरांनी मांडला होता.

"ही अट कायद्यात टिकेलच असं नाही," नगरपरिषदेचे वकील म्हणाले. "भट्टीवाला कोर्टात गेला, तर ठराव मांडणाऱ्याला आणि अनुमोदन देणाऱ्यालाच आधी ओढेल."

"अनुमोदक कोण?" नगराध्यक्षांनी विचारलं.

सगळे खाली बघू लागले. नगरसेविका शेवंताबाईही. ती वीट पाठवणारा भट्टीवाला समोरच बसला होता, आणि त्यांच्या नवऱ्याचा ट्रॅक्टर त्याच्याच भट्टीवर चालायचा. डोक्यावरून घसरलेला पदर सावरायला त्यांनी हात वर नेला.

"अनुमोदक, शेवंताबाई," कारकून मोठ्याने म्हणाला.

भट्टीवाल्याने त्यांच्याकडे रोखून पाहिलं.

"बाई, तुम्ही पदरच सावरत होता ना?" नगराध्यक्षांनी हळूच वाट काढून दिली.

शेवंताबाईंनी विटेकडे पाहिलं. त्या ठशांत त्यांचं एकही बोट मावलं नसतं.

"पदर केव्हाच सावरला," त्या म्हणाल्या. हात अजून वरच होता.