सेव्ह न केलेले टॅब

मेंग युरीने लॅपटॉप उघडला तेव्हा पडदा अगदी स्वच्छ होता. कोड लिहायच्या एडिटरमध्ये एकच टॅब, त्याच्यावर 'नवीन १' एवढंच लिहिलेलं, आणि खाली सगळं पांढरं.

"वहिनी, हा प्योसरांचाच ना?"

"ह्यांचाच. उशाशी घेऊन झोपायचे," ओकजू म्हणाली.

युरीचे ऑफिसातले वरिष्ठ प्यो दोग्युन यांना जाऊन महिना झाला होता. सकाळी दारात बूट घालायला वाकले ते उठलेच नाहीत. वय शेहेचाळीस. माणूस कामाच्या ओझ्याने गेला, हे त्यांच्या बायकोला, म्हणजे ओकजूला, सरकारदरबारी सिद्ध करायचं होतं. कंपनीच्या नोंदी सांगत होत्या की प्योसाहेब रोज सहाच्या ठोक्याला घरी जायचे. वकीलबाईंनी बजावलं होतं, शुक्रवारपर्यंत काहीतरी पुरावा आणा, नाहीतर भरपाईचा अर्ज फेटाळला म्हणून समजा.

नोंदी खोट्या नव्हत्या. पांग्योतल्या त्या सॉफ्टवेअर कंपनीत कायद्याला दाखवायला म्हणून सहाला सगळी मशीनं आपोआप बंद होतात. काम बंद होत नाही. माणसं घरी जाऊन स्वतःच्या लॅपटॉपवर ते पुढे ओढतात, आणि सकाळी तो मांडीवर घेऊन, बघून बघून, सगळं पुन्हा ऑफिसच्या मशीनवर टाइप करतात. पहिला तासभर अख्खा मजला नुसता खडखडत असतो. कंपनीचा कोड घरी सेव्ह केला तर ती चोरी, नोकरी जाते. म्हणून कुणी सेव्ह करत नाही. टॅब नुसते उघडे ठेवायचे. एडिटर बंद करून पुन्हा उघडला तरी ते जागच्या जागी असतात. काम होतं आणि कुणाच्या हाती काही लागत नाही, अशी ही सगळ्यांची सोय.

प्योसरांनी मात्र आपल्या टॅबना शिस्त लावली होती. पहिल्या ओळीत तारीख आणि थांबल्याची वेळ. तीच ओळ टॅबचं नाव म्हणून वर दिसेल असं बसवून घेतलेलं. रात्री दहाच्या आत आटोपलं तर हिरवा रंग, बाराच्या आत पिवळा, त्यापुढे लाल. एका ओळीत मावेनात म्हणून टॅबच्या चार ओळी केल्या होत्या. हिरवे शोधावे लागायचे. "मिरच्या वाळत घातल्यात का सर?" असं युरी त्यांना चिडवायची, आणि ते कसनुसं हसायचे.

त्या पडद्याचा एक फोटो मिळाला तरी पुरे होता. म्हणून तर ती जेवणाच्या सुट्टीत, दोन गल्ल्या सोडून असलेल्या या सूपच्या दुकानात आली होती, आणि ओळखीचं कुणी बघू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"वहिनी, इथे वर रंगीत पट्ट्या होत्या. पुष्कळ."

"होत्या. मी आवरल्या."

"आवरल्या म्हणजे?"

"तुमच्या विभागप्रमुखांचा फोन आला होता. फार गोड बोलले. म्हणाले, वहिनी, घरच्या मशीनवर कंपनीचं काही राहिलं असेल तर गेलेल्या माणसाच्या नावाला उगाच बट्टा लागेल, तेवढं साफ करून टाका. मी म्हटलं, माणूस तर गेला, निदान नाव तरी राहू दे."

युरीने घाईघाईने एडिटर आपल्या प्रती ठेवतो तो फोल्डर उघडला. रिकामा. टॅब बंद करताना एकदा 'सेव्ह नको' म्हटलं की तो प्रतही पुसून टाकतो. भलताच आज्ञाधारक.

"लाल आधी काढले," ओकजू सांगत राहिली. "लाल म्हणजे काहीतरी चुकलेलं असणार, असं वाटलं. मशीन दर वेळी विचारायचं, सेव्ह करू का? एकशे बारा वेळा विचारलं. मी मोजत होते. मनात म्हटलं, किती चुका करून ठेवल्यात ह्या माणसाने." मग तिने युरीच्या तोंडाकडे पाहिलं. "का हो? काय होतं त्यात?"

खोटं सांगून वेळ मारून नेता आली असती. युरीला ते जमलं नाही.

"वेळा होत्या वहिनी. रोज किती वाजेपर्यंत बसले त्याच्या. लाल म्हणजे बारा वाजून गेलेले."

दुकानवालीने न मागताच मुळ्याच्या किमचीची, त्या तिखट लोणच्याची, वाटी पुन्हा भरून ठेवली. 'मी येते साक्षीला' हे युरीच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते सुपाबरोबर गिळलं. ऑफिसात सगळ्यांना सगळं माहीत होतं आणि कुणीच तोंड उघडणार नव्हतं. तीही नाही. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटत असतानाच तिने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. एकला जागेवर बसायचं होतं.

ओकजूने लॅपटॉप मिटला, बाहीने पुसला आणि फडक्यात बांधायला घेतला.

"तुमच्याकडेही असेल ना असा?"

"आहे."

"रंगीत?"

"सरांनीच करून दिलेत रंग."

"घरी कोण असतं तुमच्या?"

"आई."

"मग तिला आजच सांगून ठेवा," गाठ आवळत ओकजू म्हणाली. "मशीन विचारायला लागलं, की 'हो' म्हणायचं."