कुणीच अध्यक्ष नसलेला रविवार

"नाही बाई, इथं उतरलेल्या जुन्या अध्यक्षसाहेबांनी सही केली तरी तिला आता किंमत नाही," हॉटेलचा दारवान म्हणाला. "बारा वाजले, मुदत संपली. आता ते तुमच्या-माझ्यासारखेच."

"आणि नवे?" केझाया डोरन्सनं विचारलं.

"ते पडले देवभोळे. रविवारी शपथ घेणार नाहीत. उद्या दुपारी घेतील."

"फाशी उद्या सकाळी आहे. सायलस पर्डीची."

दारवानानं टोपी काढली. राजधानीतल्या गुन्हेगाराला माफी द्यायची तर ती राष्ट्राध्यक्षांनीच, एवढं त्यालाही ठाऊक होतं.

केझाया चिखल तुडवत चर्चपाशी आली. अख्ख्या वॉशिंग्टनमध्ये चिटपाखरू नव्हतं. घंटा केव्हाच थांबली होती, तरी हवेत काहीतरी घुमत राहिलं होतं. म्हातारे न्यायमूर्ती वेदरॉल पायऱ्या उतरत होते.

"जजसाहेब, आज या देशाचा धनी कोण?"

"सकाळपासून जो तो हेच विचारतोय. कुणी म्हणतं, शपथेविना अध्यक्ष नाही. कुणी म्हणतं, जुन्याची मुदत संपली की नवा आपोआप अध्यक्ष. राज्यघटना गप्प आहे." ते घुटमळले. "दुसरं खरं धरलं, तर नवे आजही माफी देऊ शकतात."

केझायानं कठडा गच्च धरला. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"पण त्यांना स्वतःलाच ते पटत नाही," न्यायमूर्ती हलकेच म्हणाले. "शपथेआधी लेखणीला हात लावायचा नाही, म्हणतात. आस धरू नका, बाई."

तिनं डोळे मिटून श्वास सोडला. त्यांना तिच्याकडे बघवेना.

तुरुंगाच्या अंगणात फाशीचा चौथरा उभा होता. जेलर लँट्री दारातच भेटला.

"हुकूम जुन्या सरकारचा," तो म्हणाला. "थांबवायचा तर नवा हुकूम पाहिजे, आणि तो द्यायला माणूसच नाही. गाडी उताराला लागलीय आणि गाडीवान खाली उतरलाय!"

"म्हणजे आता कुणीच थांबवू शकत नाही?"

"कुणीच नाही, माउली." त्यानं किल्ल्या काढल्या. "चला, पोराला शेवटचं भेटून घ्या. आईच्या नावानं रडतोय सारखा."

"माझं पोर त्यानं मारलं," केझाया म्हणाली. "उद्या पुढं बसायला खुर्ची मिळेल का, तेवढं सांगा."