चार वाजताचा गुलाबी रंग

"हात लावून बघ. याच त्या सिस्टर," असं म्हणत आईने मुलीचा हात सिस्टरच्या हातात दिला. सात वर्षांच्या मुलीने सिस्टरची बोटं एकेक करून चाचपली. मान मात्र भलतीकडेच वळलेली. मुलीचे डोळे गेल्याचं सिस्टरने ऐकलं होतं, बघितलं आज.

पंचविसाव्या आठवड्यातच जगात आलेली ही घाईबाई. साडेसातशे ग्रॅमचा जीव. फुप्फुसं इतकी कच्ची, की श्वास घेता घेता मध्येच विसरून जायची. सिस्टर तळपायाला टिचकी मारायची, की बाईसाहेब पुन्हा सुरू. तिला ठेवलेल्या काचेच्या पेटीवर डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने चिठ्ठी डकवली होती: 'रक्तातला ऑक्सिजन पंच्याण्णव टक्क्यांच्या वर नको. डोळे जातील.'

आई रोज चार वाजता यायची. काचेतून ते मातकट, निळसर अंग बघायची आणि तिथेच मटकन बसायची. सिस्टरला ते बघवेना. मग ती पावणेचारलाच ऑक्सिजनचा नॉब जरा वर फिरवू लागली. चारला बाळ गुलाबी दिसायचं. आई हसायची. ती गेली, की नॉब पुन्हा खाली. पण वॉर्डात एकवीस बाळं आणि दोन सिस्टर. कधी कधी खाली करायचं राहून जायचं, ते थेट ड्यूटी बदलेपर्यंत.

"इतक्या कच्च्या बाळांचं होतं असं," डोळे गेल्याचं कळलं तेव्हा डॉक्टर म्हणाले. चिठ्ठीचा विषय कुणीच काढला नाही. सिस्टरला मात्र ती चिठ्ठी सात वर्षं झोपू देत नव्हती. आज सांगून टाकायचंच, मग काय व्हायचं ते होवो.

"ताई, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"आधी माझं ऐका," आई म्हणाली. "डोळ्यांचं रडून झालंय माझं. पण रोज चारला माझं लेकरू गुलाबी दिसायचं ना, त्यावर मी ते तीन महिने काढले. नाहीतर यायचंच सोडून दिलं असतं मी. हिलाही तेच सांगत असते."

मुलीने सिस्टरचं बोट ओढलं.

"आईला नीट सांगता येत नाही. तुम्ही सांगा ना, गुलाबी म्हणजे कसं असतं?"