मागचं चाक
इंग्लंडमधल्या लिंकनशायरच्या आमच्या तळावर सगळ्यांत जुनं बॉम्बर विमान आमचंच. जर्मनीवर बॉम्ब टाकून परतलं, की आमचा मुख्य मेकॅनिक विल्फ त्याच्या नाकावर एक पिवळा बॉम्ब रंगवायचा. आता तिथं जागाही उरली नव्हती. निघण्याआधी विमानातली सातही पोरं मागच्या चाकावर लघवी करायची. आधीच्या तुकड्यांपासून चालत आलेला शकुन होता तो. विल्फ साबणाच्या पाण्यानं चाक धुताना त्यांच्या पिढ्यांचा उद्धार करायचा. "नालायकांनो, चाक गंजतंय! विमान माझं आहे, तुम्हाला नुसतं उसनं देतो!" त्या संध्याकाळी पोरांची, नेमून दिलेल्या तीसांपैकी, शेवटची मोहीम होती. परतले, की सुटले. वैमानिक डेन्झिल डोळे मिचकावत म्हणाला, "विल्फकाका, आज आमच्याकडून भेट. चाक कोरडं!" आणि सगळे कुंपणापाशी मोकळे होऊन विमानात चढले. विल्फ बघतच राहिला. मग धावला. "अरे, मी आपलं बोलतो रे! उतरा, चाकावरच उरका!" इंजिनांच्या आवाजात कुणालाच ऐकू गेलं नाही. सकाळी बाकीची विमानं उतरली. आमची जागा रिकामीच. विल्फ बादली घेऊन तिथं उभा होता. पाण्यावरचा फेस विरला, तरी हलला नाही. आठवड्यानं कारखान्यातून कोरं विमान आलं, आणि मिसरूडही न फुटलेली नवी सात पोरं. ती शिडीकडे निघाली, तसा विल्फ खेकसला, "ए, आधी इकडे या. या चाकावर मुता." पोरं एकमेकांकडे बघू लागली. "बघताय काय? उरका. सकाळी धुवायला मी इथंच आहे."