पुलावरचा आवाज

संध्याकाळी सात वाजता सर्जेरावांनी वाटेच्या तोंडाशी तार ओढली आणि बाभळीच्या खांबाला तिचा पीळ घट्ट केला. तारेला खडे भरलेला तेलाचा रिकामा डबा टांगला होता. देवाला सोडलेला गावचा वळू अंधार पडला की उसात शिरायचा. त्याला काठी मारणं पाप, म्हणून नुसतं अडवायचं. डबा खुळखुळला की सर्जेराव उठायचे, चार शिव्या द्यायचे आणि वळूला माघारी लावायचे.

ते येऊन ओट्यावर बसले. दोन्ही अंगांना पुरुषभर ऊस, त्यामुळं वस्तीवरून वाट दिसत नसे. सगळी भिस्त कानांवर. त्यांनी कान कालव्याच्या पुलाकडं लावला. सोमवारपासून तिकडून काही ऐकू आलं नव्हतं.

लासुर्ण्याच्या शिवारात फटफटी एकच होती, त्यांच्या सोपानची. लढाईत ती कुणा गोऱ्या सोजिराखाली होती. लिलावातून आणल्यावर सोपाननं तिचा खाकी रंग काचेनं खरवडून काढला, टाकी काळी केली आणि तिच्यावर श्वास रोखून एक सोनेरी रेघ ओढली. दसऱ्याला झेंडूची पहिली माळ तिला, मग बैलांना. शेवटी त्यानं आवाज दाबणारा सायलेन्सरच काढून टाकला. तेव्हापासून ती पुलावर आली की वस्तीवरची भांडी थरथरायची. इंदापूरच्या रस्त्यावर माणसं मान वर न करता म्हणायची, "सर्जेरावाचं पोरगं चाललं." सोपानला ते आवडायचं. सर्जेरावांनाही आवडायचं, पण तसं ते कधी बोलले नाहीत.

सोमवारी त्या आवाजानं नवी व्यालेली म्हैस बुजली. तिनं लाथ झाडली, चरवी उलटली आणि रंगूबाईंचं मनगट सुजलं. सर्जेराव बोलून गेले, "ही बोंब हाय तवर ह्या उंबऱ्यात पाय ठिवायचा न्हाय."

सोपाननं आईच्या मनगटाकडं पाहिलं, किक मारली आणि तो बारामतीला मामाकडं गेला.

डबा खुळखुळला. सर्जेराव काठी घेऊन उठले. पण उसातून आला तो शेजारच्या वस्तीवरचा जोतीराम, टोपी झटकत.

"तात्या, आमाला तारेखालनं वाकाया लावता आन् लेकाला पायघड्या! पुलावर आवाज झाला की पळत जाऊन तार सोडता, त्यो आत आला की पुन्ना वढता. त्याला बिचाऱ्याला वाटतं, वाट मोकळीच असती."

"त्याला सांगशील तर बघ. बाप वाट बघत बसतो म्हणलं की डोक्यावरच बसंल."

"भेटला मला आज बारामतीत."

रंगूबाई चुलीपासून उठून दारात आल्या. "बरा हाय न्हवं?"

"बरा हाय की. मेस्त्रीपाशी बसलाय. फटफटीची नळी खोलून ठिवलीया. मेस्त्री ठोकतोय, ह्यो कान लावून ऐकतोय आन् पुन्ना खोलाया लावतोय. मी म्हणलं, घरला कवा जायाचं? तर म्हणला, एवढं झालं की निघालोच. आन् हसला."

"आणखी मोठी करीत असंल बोंब," सर्जेराव म्हणाले. "मुद्दाम. माझ्या नाकावर टिच्चून."

"लेक कुनाचा?" जोतीराम म्हणाला आणि बांधाबांधानं आपल्या वस्तीकडं गेला.

सर्जेरावांनी काठी भिंतीला टेकवली. थोड्या वेळानं रंगूबाईंनी विचारलं, "आन् खरंच आला तर?"

"आला तर आला."

"आन् म्हस?"

"म्हस विकू. वाजवू दे काय वाजवायचं त्ये."

रंगूबाई पदराआड हसल्या. "त्यो आवाज ऐकल्याबिगर तुमालाच घास उतरंना झालाय, त्ये म्हणा की." त्यांनी पीठ पुन्हा परातीत घेतलं आणि आणखी दोन भाकरी थापल्या.

सर्जेराव ताटावर बसले ते पुलाकडं तोंड करून. मध्येच हात थांबवून ऐकायचे. रातकिडे किरकिरत होते. पुलाकडं सामसूम होती.

डबा वाजला. खुळखुळला नाही, एकदाच, मोठ्यानं वाजला.

"आला तुमचा देव," रंगूबाई म्हणाल्या.

"नेमका आत्ताच!" सर्जेरावांनी तसाच हात झटकला, काठी आणि कंदील घेतला आणि ते निघाले. त्यांना घाई होती. वळूला हाकलून तार सोडायच्या तयारीत उभं राहायचं होतं. पोरगं कुठल्याही घडीला पुलावर येईल आणि आपण वळूच्या मागं असू, असं व्हायला नको होतं. "हाऽऽड! थांब तुज्यायला!" ते लांबूनच ओरडत गेले.

तार तुटली नव्हती. वळू कुठंच नव्हता. उसाच्या बुडख्यांमधून पाचटावर आडवा उजेड पडला होता.

तारेच्या अलीकडं फटफटी कलंडली होती. पलीकडं सोपान उताणा पडला होता. सर्जेराव तारेखालून वाकून गेले आणि त्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांनी हाका मारल्या. सोपाननं ओ दिली नाही.

मागून धावत आलेल्या रंगूबाईंनी खाली पडलेला कंदील उचलून धरला. तेव्हा सर्जेरावांना दिसलं की फटफटीचं मागचं चाक अजून फिरत होतं. इंजिन चालू होतं. नळीवर नवाकोरा सायलेन्सर बसवलेला होता, आणि एवढ्या जवळूनसुद्धा रातकिड्यांचाच आवाज मोठा होता.